गवतातलं दार

“अगं, ते आजोबा बघ ना, चपला काढून उभे राहिलेत! देवळात आल्यासारखे.”

माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन मुलींपैकी एक म्हणाली आणि दुसरी तोंडावर हात ठेवून हसली. मी वळून पाहिलं. दालनाच्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर दोन अनवाणी पावलं होती. टाचांना खोल भेगा, अंगठे बाहेरच्या बाजूला वळलेले, डाव्या घोट्यापाशी जुन्या काट्याची काळी खूण. चेहरा गर्दीच्या आड होता, पण मला चेहऱ्याची गरज नव्हती. अख्खा हिवाळा मी या पावलांच्या मागून चालले होते.

धोंडीआबा आले होते. सांगलीत, आमच्या मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनात, माझ्याच फोटोसमोर. फोटोपासून हातभर अलीकडे त्यांच्या निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला एकमेकींना चिकटून नीट ठेवलेल्या होत्या. उजव्या चपलेच्या तुटक्या पट्ट्याला घातलेला तारेचा टाका दिव्यांच्या उजेडात चमकत होता. त्या चपला पाहिल्या आणि पुढे टाकलेलं पाऊल मी मागे घेतलं. कारण त्याच चपला तीन आठवड्यांपूर्वी मी माझ्या हातानं नाहीशा केल्या होत्या.

आबांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेही पाठमोरंच. शिराळ्याच्या पश्चिमेला, वारणेच्या अडवलेल्या पाण्याच्या काठाकाठानं राष्ट्रीय उद्यान पसरलेलं आहे, तिथं डिसेंबरच्या सकाळी उजेड वरून येत नाही, पाण्यातून वर येतो. आधी जलाशयाची एक बारीक कड उजळते. तिच्यावर आडवं पडलेलं धुकं कूस बदलतं, हळूहळू उठतं, कारवीच्या वाळक्या काटक्यांमधून वाट काढत रानात शिरतं. त्या पांढुरक्या ओलाव्यात पुढे चालणाऱ्या माणसाची फक्त काळी घोंगडी दिसते, आणि घोंगडीच्या खाली दोन निळ्या रेषा, एक पुढे, एक मागे. त्या रेषांवर नजर ठेवून मी चालत असे. बाकी सगळं रान हलत असे, सरकत असे, विरघळत असे. त्या दोन रेषा तेवढ्या खऱ्या वाटत.

सांगलीच्या माणसाला समुद्र लांब. माझ्यापुरतं ते पाणीच समुद्र होतं. दुसरा काठ धुक्यात बुडालेला, लाटांचा अगदी हलका, मांजरीनं दूध प्यावं तसा आवाज, आणि ओल्या वाळूवर शेपूट खालीवर करत फिरणारे धोबी पक्षी, जे दर हिवाळ्यात कुठून कुठून येतात आणि याच चिखलाला आपलं समजतात. आबांनी पहिल्याच दिवशी काठीनं पश्चिमेचा डोंगर दाखवला होता.

“त्या डोंगराच्या पल्याड कोकण, आन् कोकणाच्या पल्याड समिंदर. ह्ये वारं तिकडनंच येतंय. व्हट चाटून बगा, खारट लागंल.”

ते पुढे वळल्यावर मी खरंच ओठ चाटून पाहिले. कुणी पाहिलं नाही अशी माझी खात्री होती. चार पावलं गेल्यावर आबांनी मागं न बघताच विचारलं, “लागलं का?”

मी हसले. उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं ही माझी जुनी सवय. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वहीत लाल शेरा मिळायचा आणि घरी मराठीत अडखळलं की चुलत भावंडं नक्कल करायची. दोन्हीकडून वाचण्याचा एकच मार्ग होता, तोंड मिटून ठेवणं. पुढे नोकरी लागल्यावर कॅमेरा घेतला आणि गप्प राहायला एक सभ्य कारण मिळालं. डोळ्याला कॅमेरा लावलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही. कुपवाडला बाबांच्या लेथ मशिनच्या शेडमध्ये माणसं खाणाखुणांनी बोलतात, कारण आवाजात शब्द ऐकू येत नाहीत. मी तिथं लहानाची मोठी झाले. हात काय सांगतात, मान काय सांगते, हे मला बोलण्यापेक्षा लवकर कळतं, असा माझा समज होता. या समजाचा मला अभिमानही होता.

आमच्या मंडळातले लोक रविवारी पहाटे जीपनं उद्यानात यायचे. त्यातले बरेचजण गाडीतच बसून रस्त्यानं फिरायचे. मला चालायचं असायचं, म्हणून परवानगीच्या कागदावर माझ्या नावापुढे वाटाड्या म्हणून आबांचं नाव पडायचं. जीपचा चालक एकदा माझ्यासमोरच त्यांना म्हणाला, “आबा, ह्या ताई लय कमी बोलत्यात. तुमाला कटाळा येत न्हाई व्हय?”

“कटाळा कशाचा? गवा तरी कुटं बोलतोय? त्येला बगायला मुंबईवरनं माणसं येत्यात.”

त्या दिवसापासून आमचं जमलं.

आबांना मी फोटोत पकडायचा प्रयत्न केला नाही, पण डोळ्यांनी सारखी टिपत राहिले. ते जनावराला कधी बोट दाखवत नसत. हनुवटी उचलत, तीही जेमतेम, आणि त्या दिशेला पाहिलं की झाडाच्या बेचक्यात शेकरूची तांबूस शेपटी लोंबत असायची. थांबायचं असलं की जीभ टाळूला लावून एक बारीक आवाज करत, थेंब पडावा तसा. घोंगडीला धुराचा आणि ओल्या पानांचा वास यायचा. हसताना त्यांचा चेहरा एका बाजूनंच हसायचा, जणू दुसऱ्या बाजूला त्यांनी काहीतरी जपून ठेवलं होतं. ऊन चढू लागलं की अंजनीच्या झाडाखाली बसून ते कानटोपी काढत, आणि त्यांच्या पांढऱ्या केसांमधून उजेड असा आरपार जाई की क्षणभर डोकं नव्हे, हिवाळ्यातलं गवतच वाऱ्यावर हलतंय असं वाटे.

घरचं ते फारसं बोलत नसत. पूर्वेकडच्या माळावर, पत्र्याच्या घरांच्या वसाहतीत त्यांची बायको राहते, गुडघ्यांमुळे तिला चढ-उतार होत नाही, आणि हिवाळ्याच्या हंगामात ते इकडे पुतण्याकडे येऊन राहतात, एवढं मला माहीत होतं. एकदा चहा पिताना एकटेच हसत म्हणाले होते, “आमची म्हातारी अजून वाकून घरात शिरती. दार चांगलं उच हाय, तरी. किती डाव सांगितलं, आगं, डोकं आपटत न्हाई आता. न्हाईच ऐकत.”

मला वाटलं, म्हातारपणाचा बाक.

आता कळतं, त्या हिवाळ्यात मी किती पाहिलं आणि त्यातलं किती थोडं मला दिसलं. पाण्यापासून वर, झाडीच्या पोटात, सोनेरी गवताची एक मोकळी जागा होती. तिथं जाताना आबा सरळ जात नसत. समोर अडथळा काही नाही, गुडघाभर गवत, पण ते वीस पावलं उत्तरेला चालत, मग भिंतीच्या कोपऱ्याला वळावं तसे काटकोनात वळत, मग पुन्हा वीस पावलं. मला वाटे, सापाचं बीळ टाळत असतील. मग एका ठिकाणी थांबत. आधी उजवी, मग डावी, दोन्ही चपला पायातून सोडत, पायानंच सरकवून एकमेकींशेजारी लावत, मान खाली घालून, खांदे आवळून एक पाऊल पुढे टाकत, आणि पाऊल पडलं की पुन्हा ताठ होत. जनावराला चाहूल लागू नये म्हणून हे सगळं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. अनवाणी पायाला वाळकं पान आधी कळतं, वाकलेला माणूस गवताच्या वर दिसत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलेलं समोर घडताना दिसलं की किती आनंद होतो!

दुसऱ्या रविवारी मीही बूट काढले. मोजे काढले. आबांच्या चपलांशेजारी माझे बूट ठेवले, त्यांच्यासारखीच मान खाली घातली, खांदे आवळले आणि पाऊल पुढे टाकलं. दवानं भिजलेलं गवत तळव्यांना सुयांसारखं टोचलं.

आबा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चेहऱ्याची ती जपून ठेवलेली बाजू तेव्हा पहिल्यांदा हलली. एका जागी हातानं गवत आडवं करून त्यांनी मला बसायला जागा केली, कोपरीच्या खिशातून कागदाची पुडी काढली, तिच्यातला गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि पाण्याची बाटली पुढे केली.

“गूळ खावा, ताई. मग पाणी प्या.”

थंडीसाठी असेल, असं मला वाटलं. पुढच्या प्रत्येक रविवारी तो गूळ असायचा. त्याच जागेत, आत पाऊल टाकल्यावर. रानात इतरत्र कुठंही आबांनी मला गूळ दिला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं आणि विचारणं यांच्यामध्ये एक दरी असते, आणि माझं सगळं आयुष्य त्या दरीच्या अलीकडे बसून गेलं आहे.

त्या जागेत आबा वेगळे दिसत. बाहेर रानात त्यांचे कान सतत जागे असत. इथं ते सैल होत. पाठीमागे टेकायला काही नसतानाही मागे रेलत आणि पाय लांब करत. कधी गवतावरून हात फिरवत, आपल्या गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा. धोब्यांची एक जोडी नेमकी त्याच जागेत यायची, गवताखालच्या सपाट दगडांवरून लगबगीनं फिरायची, आणि आबा त्यांच्याकडे अशा कौतुकानं बघत की जणू सकाळी सकाळी दारात पाहुणे आले आहेत.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी गवा आला. धुकं नुकतंच विरत होतं. पाण्याच्या बाजूनं, त्या मोकळ्या जागेच्या टोकाला, आधी नुसता काळोखाचा एक तुकडा दिसला, मग त्याला शिंगं फुटली, मग पांढरे पाय. त्याच्या नाकातून वाफ निघत होती आणि मागून येणाऱ्या तिरक्या उजेडात ती वाफ सोन्याची होत होती. मी बाहेरच होते, चपला-बूट काढायच्या जागेपासून पाच-सहा पावलं मागे. आबांनी नुकत्याच चपला काढल्या होत्या. ते हळूच बाजूला सरले, चौकटीबाहेर, आणि अगदी श्वासात म्हणाले, “जाग्यावरच हुबा हाय बगा. बरोबर जाग्यावर.”

मी सात-आठ फोटो घेतले. गवा वळला आणि अजिबात घाई न करता पाण्याकडे उतरून गेला. आबांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत वाकून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मला कधीच काही न मागणारा तो माणूस म्हणाला, “ह्यो एक मोटा करून दावशिला का? म्हातारीला दावायचा हाय.”

मी मान हलवली. त्यांना गवा दाखवायचा असेल, असं मी समजले.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातून लवकर येऊन मी फोटो संगणकावर उघडला. सगळं होतं तसंच होतं. सोनेरी गवत, विरतं धुकं, गवा, वाफ, मागे पाण्याची रुपेरी कड. आणि पुढे, डाव्या कोपऱ्यात, दोन रबरी चपला. त्यांचा तो निळा रंग त्या सगळ्या सोन्यात नखात घुसलेल्या कुसळासारखा सलत होता. आमच्या प्रदर्शनाचं नाव ‘अस्पर्श’ होतं. फोटोत माणसाची खूण नको, असा नियम होता. फोटोत काही घालायचं नाही आणि काही काढायचं नाही, असाही नियम होता. पहिला नियम पाळायला मी दुसरा मोडला. शेजारचं गवत उचललं आणि चपलांवर पसरलं. अर्ध्या मिनिटाचं काम. नंतर फोटो इतका शांत दिसायला लागला की मला माझंच कौतुक वाटलं.

त्या फोटोला पहिला क्रमांक मिळाला. मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो, त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली, ‘जिथे माणसाचे पाऊल पडलेले नाही’. पुढच्या महिन्यात तो पुण्याला मोठ्या प्रदर्शनात जायचा होता. सगळ्यांसमोर सर म्हणाले होते, “ही मुलगी बोलत नाही, हिचे फोटो बोलतात.” मला आयुष्यात कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. मी जीपच्या चालकाकडे निरोप ठेवला, आबांना सांगा, फोटो मोठा झालाय, रविवारी सांगलीत लागणार आहे.

आणि आता आबा चपला काढून माझ्या फोटोसमोर उभे होते.

मी गर्दीतून पुढे गेले तेव्हा त्यांच्या शेजारी कमरेतून वाकलेली एक बारीकशी म्हातारी दिसली. अंगावर हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून घेतलेला, पायात काहीच नाही. तिच्या चपला आबांच्या चपलांशेजारी होत्या. दोन एसट्या बदलून ती दोघं माळावरून आली होती. आबांनी मला पाहिलं आणि त्यांचा सगळा चेहरा हसला, दोन्ही बाजूंनी.

“सोना, ह्याच त्या ताई. तुला सांगितलं न्हवं का? कुणी न सांगता पायातलं काडून, वाकून घरात आल्या. शेराची पोरगी आसून!”

घरात.

दालनातला आवाज एकदम लांब गेला. काटकोनातलं ते वळण म्हणजे बोळ होता. ज्या ठिकाणी आबा मान खाली घालत, तिथं ठेंगणी चौकट होती. गवताखालचे सपाट दगड म्हणजे जोतं. जिथं गवा उभा राहिला होता, बरोबर जाग्यावर, तिथं एके काळी गोठा होता. आणि गूळ! दारातून आत आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय बसवायचं नाही, ही रीत आबांनी भिंती नसलेल्या घरातही सोडली नव्हती. सहा रविवार मी त्यांच्या घरी पाहुणी म्हणून जात होते आणि मला ते माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, पोरगी शहाणी आहे, हिला न सांगता कळलं. मला वाटलं, हा जुना वाटाड्या आहे, मी त्याची विद्या न विचारता उचलली. दोघंही गप्प होतो आणि दोघंही आपापल्या गप्पपणावर खूश होतो.

“बरं झालं गं बाय, तू आलीस,” सोनाआजी माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली. तिचे तळवे खरखरीत आणि ऊबदार होते. “आमच्या घरात आता कोन येतंय? सरकारी जंगल झालं आन् आमी निगालो, तवा माजी लेक रांगत हुती. तवापास्नं मी गेली न्हाई. ह्ये जात्यात. ह्यांनी गूळ-पानी दिलं न्हवं?”

मी मान हलवली.

आजीनं पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत कागदाच्या दोन इवल्या पुड्या होत्या, एकीत हळद, एकीत कुंकू. ती म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून निघायच्या दिवसापर्यंत तिनं उंबरा पुजल्याशिवाय तोंडात पाणी घातलं नव्हतं. निघायच्या दिवशी ट्रक आला आणि घाईत उंबरा पुजायचा राहिला. तेवढं एक राहिलं. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि फोटोकडे वळली.

“आवं, दार कुटं हाय ह्यात?”

“चपला बग की. तुला म्हटलं न्हवतं का, मुद्दाम दारात तशाच ऱ्हाऊ दिल्यात, म्हंजे तुला वळकंल. गवतात दुसरी खूण काय ऱ्हायलीया?”

मुद्दाम. फोटो काढताना आबा बाजूला सरले होते, पण चपला त्यांनी हलवल्या नव्हत्या. मी ते विसरणं समजले होते.

आजी वाकली. तिचं लाल बोट काचेपासून दोन इंचावर गवतावरून डावीकडून उजवीकडे गेलं, मग उजवीकडून डावीकडे. “न्हाईत हितं.”

“आगं, हायत्या. ह्या अंगाला.” आबा पुढे आले. डोळे बारीक केले. कानटोपी काढून काखेत धरली. पुन्हा पाहिलं. “हितंच... हितंच काडल्या हुत्या.”

“न्हाईत म्हंते न्हवं. तुमी दुसऱ्याच्या जाग्यावर गेलासा.”

“मी? माज्या घराला चुकीन व्हय मी?”

“मग कुटं हायत्या चपला? इतकी वर्सं दुसऱ्याच्याच ओट्यावर बसत हुतासा काय?” आजी हसली, चेष्टेनं, नवऱ्याला चिडवावं तशी. मागच्या मुलीही हसल्या. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे, मग फरशीवरच्या चपलांकडे, मग पुन्हा फोटोकडे. धुकं उतरावं तसं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं. काळोखात, पावसात, डोळे मिटून त्या दारापर्यंत जाणारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं घर त्याच्या मनातून हलायला लागलं होतं.

“डोळं गेलं का काय माजं,” ते हळूच म्हणाले. “का खरंच जागा चुकलो मी... ताई, तुमी बगा बरं.”

मी पाहत होते. दुसरं काय करत आले होते मी? गवताला ते घर झाकायला कितीतरी पावसाळे आणि हिवाळे लागले होते, आणि तरीही शेवटच्या दोन विती त्याला जमल्या नव्हत्या, कारण एक माणूस दर हिवाळ्यात तिथं चपला काढून ठेवत होता. तेवढं राहिलेलं काम मी एका दुपारी, चहा पिता पिता, पुरं केलं होतं. मूळ फोटो घरी संगणकात सुरक्षित होता, पण आबांच्या चेहऱ्यावरून जे पुसलं जात होतं त्याची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

“आजी, आजी! काचेला हात लावू नका हं!” सर लगबगीनं आले. त्यांचा आवाज गोड होता, पाहुण्यांसमोर असतो तसा. “कुंकू कशाला लावताय? हा देवाचा फोटो नाहीये. आणि घर-बिर इथं कधी नव्हतंच, हे मूळ जंगल आहे. माणूस पोचलेलाच नाही तिथं. म्हणून तर पहिला नंबर दिलाय आम्ही.” मग माझ्याकडे वळून, “सांग ना गं यांना.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर, त्या दोन मुली, आबा. आजीचं लाल बोट अजून हवेतच होतं, काचेजवळ, कुठं टेकावं ते न कळून थांबलेलं. माझ्या गळ्यात कॅमेरा नव्हता. चेहऱ्यापुढे धरायला काहीही नव्हतं. आबांनी मान खाली घातली होती, पण त्या दारातून आत जाताना घालत तशी नव्हे.

माझ्या मनात आलं, माणूस जागा सोडून जातो तेव्हा जागा लगेच रिकामी होत नाही. तो तिथं कुठं चपला काढायचा, कुठं वाकायचा, एवढं जोवर कुणाला तरी आठवतं तोवर काळाला तिथं पूर्ण शिरता येत नाही. आणि आठवणारा माणूस एकदा स्वतःवरच शंका घेऊ लागला, की मग गवत उगवायचीही गरज उरत नाही.

मी पायातले बूट काढले. आजीचं मनगट धरलं. ते पाखरासारखं हलकं होतं. तिचं बोट डाव्या कोपऱ्यात, जिथं गवत जरा जास्तच सारखं, जरा जास्तच नीट दिसत होतं, तिथं नेऊन काचेवर टेकवलं, आणि मग माझा स्वतःचा आवाज, अडखळणारा, मला परका वाटेल इतका मोठा, दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

“आबा, तुम्ही चुकला नाहीत. दार इथंच आहे. तुमच्या चपला मी फोटोतून पुसल्या.”